रांगेतला शेवटचा माणूस

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

सकाळचे सहा वाजायचे होते. महिना जुलै. आपल्याकडे तेव्हा धो धो पाऊस असतो, पण विषुववृत्ताच्या दक्षिणेला, झांबिया देशात, तो कोरडा हिवाळा. लुआंग्वा नदीच्या काठावर आम्ही सहा पाहुणे शाली-स्वेटर गुंडाळून उभे होतो. माझं वय त्रेसष्ट, त्यामुळे सगळ्यात थोरली मीच. मुलगी आणि जावई लुसाकाला नोकरीला आहेत, त्यांच्यामुळे हा योग आला. आदल्या रात्री मुलगी म्हणालीही, "आई, गाडीतून बघितलं तरी प्राणी तेच दिसतात गं. तुझे गुडघे..." मी म्हटलं, गुडघ्यांचं गुडघे बघतील.

आमच्या वाटाड्याने सूचना दिल्या. एकामागे एक चालायचं. बोलायचं नाही. पुढच्याने हात वर केला की थांबायचं. निळे-काळे कपडे नकोत, कारण त्या रंगांकडे त्सेत्से माशी ओढली जाते. आणि काहीही झालं तरी पळायचं नाही. मग त्याने रांग लावली. सगळ्यात पुढे बंदूकधारी वनरक्षक, त्याच्यामागे वाटाड्या, मग आम्ही पाहुणे आणि सगळ्यात शेवटी एक मध्यमवयीन माणूस. त्याच्या पाठीवर पिशवी, हातात काळी पडलेली किटली. हा कोण, म्हणून विचारलं, तर उत्तर आलं, "हा चहावाला."

श्रोतेहो, मला हसू आलं. इतक्या दूर, सिंह-हत्तींच्या रानात, आपल्यासोबत चहावाला! पण आज मी तुम्हाला जी गोष्ट सांगणार आहे, ती या शेवटच्या माणसापाशी येऊनच संपते.

'सफारी' म्हटलं की आपल्याला उघडी जीप आठवते. माझ्या पिढीला तर आधी सफारी सूट आठवतो! पण हा शब्द आपल्याला मुळीच परका नाही. अरबीत 'सफर' म्हणजे प्रवास. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि आपण सफरीला जाऊ लागलो. तोच शब्द अरबी व्यापाऱ्यांबरोबर आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गेला आणि स्वाहिली भाषेत 'सफारी' झाला. त्याचा अर्थ एवढाच: लांबचा प्रवास. त्यात ना सिंह होता, ना कॅमेरा.

आणि हा प्रवास होता पायी. का? तर त्या माशीमुळे. त्सेत्से माशी चावली की घोडा, बैल, गाढव आजारी पडून मरतं. माणसालाही तिच्यामुळे निद्रारोग होतो. त्यामुळे पूर्व आणि मध्य आफ्रिकेच्या फार मोठ्या पट्ट्यात बैलगाडीही नाही आणि घोडाही नाही. जे काही न्यायचं, ते माणसाच्या डोक्या-खांद्यावरून. आतून हस्तिदंत यायचं, किनाऱ्यावरून कापड, मणी, तांब्या-पितळेच्या तारा जायच्या. एकेका हमालाच्या वाट्याला साधारण तीस किलो, म्हणजे आपल्या जुन्या मापात जवळजवळ पाऊण मण ओझं. असे शेकडो हमाल एकामागे एक चालत. न्यामवेझी लोकांचा तर यात हातखंडा होता. त्याच वाटांनी, गळ्यात लाकडी जोखड घातलेल्या गुलामांच्या रांगाही समुद्राकडे हाकल्या जात.

आता मी जरा नाशिककडे वळते. कारण ही कथा तिथून जाते, आणि मी नाशिकची.

एकोणिसाव्या शतकात अरबी समुद्रात इंग्रजांची जहाजं गुलामांची गलबतं पकडत. सुटका झालेल्या मुलांना आफ्रिकेत परत सोडलं, तर ती पुन्हा धरली जाण्याची भीती. म्हणून त्यांतली बरीच मुलं मुंबईला आणली जात. अशा मुलांसाठी नाशिकजवळ शरणपूरच्या ख्रिस्ती वसाहतीत १८६० साली एक आश्रम निघाला. तिथे त्यांना लिहिणं-वाचणं, सुतारकाम, लोहारकाम शिकवलं जाई. शरण आलेल्यांचं गाव, म्हणून शरणपूर. आज नाशिकच्या भर वस्तीतला शरणपूर रोड तुम्ही पाहिला असेल. ते हेच शरणपूर.

१८६४ साली डेव्हिड लिव्हिंगस्टन हा धर्मप्रसारक-संशोधक आपली छोटी आगबोट स्वतः हाकत झांझिबारहून मुंबईला आला. बरोबर चुमा आणि वेकातानी ही दोन मुलं होती. गुलामांच्या तांड्यातून सोडवलेली. त्यांना त्याने मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं. हे विल्सन म्हणजे ज्यांच्या नावाचं कॉलेज आज गिरगाव चौपाटीसमोर आहे, तेच. पुढच्या वर्षी तो परतला, बोट विकली आणि पैसे एका बँकेत ठेवले. कापसाच्या तेजीनंतर मुंबईत जी पडझड झाली, तीत ती बँक बुडाली आणि पैसेही गेले! १८६६ च्या जानेवारीत तो मुंबईहून शेवटच्या आफ्रिका प्रवासाला निघाला. सोबत चुमा आणि वेकातानी, मुंबईच्या मरीन बटालियनचे काही शिपाई आणि शरणपूरचे नऊ तरुण. उंट आणि चक्क म्हशीही होत्या. आपल्या म्हशी त्सेत्से माशीपुढे टिकतात का, हे त्याला बघायचं होतं. जनावरं टिकली नाहीत. शिपाई काही महिन्यांतच माघारी फिरले. शरणपूरच्या तरुणांपैकीही काही गळले. उरलेल्यांना घेऊन लिव्हिंगस्टनने १८६६ च्या डिसेंबरात लुआंग्वा नदी ओलांडली. तीच लुआंग्वा, जिच्या काठावर मी शाल गुंडाळून उभी होते.

पुढे सुमारे साडेसहा वर्षांनी, १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी, आजच्या झांबियातच चितांबो नावाच्या गावी लिव्हिंगस्टन वारला. तोपर्यंत शरणपूरचे आणखी काही तरुण मदतीला पाठवले गेले होते. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार ही त्यांची नावं. आता प्रश्न आला, देहाचं काय करायचं? साहेब गेला, पगार देणारं कोणी उरलं नाही. तिथेच पुरून घरी गेले असते, तरी कोणी बोल लावला नसता. पण चुमा, सुसी आणि इतर सगळ्यांनी ठरवलं की देह त्याच्या माणसांकडे पोचवायचा. काळीज एका झाडाखाली पुरलं. तेव्हाची प्रार्थना जेकब वेनराइटने वाचली आणि झाडाच्या खोडावर अक्षरंही त्यानेच कोरली. देह मिठात आणि उन्हात सुकवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला आणि दांडीला बांधून खांद्यावर घेतला.

ही वाट हजार मैलांहून जास्त. नऊ महिने ते चालत होते. वाटेत काही जण आजाराने गेले. प्रेत घेऊन गावातून जाऊ द्यायला लोक राजी नसत. तेव्हा त्यांनी एक खोटं गाठोडं परत पाठवल्याचं नाटक केलं आणि खरा देह कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधून पुढे नेला. वाटेत भेटलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने सांगितलं, इथेच पुरा. त्यांनी ऐकलं नाही. १८७४ च्या फेब्रुवारीत ते बागामोयोच्या किनाऱ्यावर पोचले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत दफनविधी झाला. इतक्या सगळ्या माणसांतला तिथे एकटाच हजर होता, शरणपूरचा जेकब वेनराइट. चुमा आणि सुसी इंग्लंडला पोचले, तेव्हा विधी उरकला होता.

मी तीस वर्षं नाशिकच्या एका शाळेत इतिहास शिकवला. लिव्हिंगस्टन शिकवला, नकाशात नद्या दाखवल्या. शाळेत जाता-येता शरणपूर रोडवरून रोज गेले. पण ही गोष्ट मुलांना एकदाही सांगितली नाही, कारण ती मलाच ठाऊक नव्हती. लुसाकाला मुलीच्या घरी लिव्हिंगस्टनची अखेरची रोजनिशी हाती आली आणि तीत ओळीओळीला 'नासिक' दिसायला लागलं, तेव्हा कळलं. त्याची खंत मला आजही आहे.

असो. तर सफारी म्हणजे ओझी वाहणाऱ्यांची रांग. मग ती शिकाऱ्यांची कशी झाली? रेल्वेमुळे. १८९६ ते १९०१ या काळात मोम्बासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रूळ टाकले गेले. हे काम केलं सुमारे बत्तीस हजार हिंदी मजुरांनी. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तिकडेच मेले. त्सावोच्या नरभक्षक सिंहांची गोष्ट तुम्ही वाचली असेल, ते सिंह याच मजुरांवर झडप घालत. या रुळांवर १८९९ मध्ये जी छावणी पडली, तिचं पुढे नैरोबी शहर झालं, आणि तिथून युरोप-अमेरिकेतल्या धनिकांना शिकारीला निघणं सोपं झालं. १९०९ साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आले, तेव्हा त्यांच्यामागे अडीचशेच्या आसपास हमालांची रांग होती. त्यांनी आणि त्यांच्या मुलाने मिळून पाचशेहून जास्त मोठे प्राणी मारले. बरेचसे वस्तुसंग्रहालयासाठी. पुढे १९२० च्या दशकात मोटारी आल्या. हमालांची गरज संपली आणि चालणंही संपलं. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला हे चांगलंच झालं, पण माणूस एकदा काचेमागे गेला तो गेलाच.

त्याला पुन्हा खाली उतरवलं, त्यात मोठा वाटा नॉर्मन कार यांचा. जन्म १९१२, मोझांबिकमधल्या चिंदे बंदरातला. तरुणपणी ते उत्तर ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झांबियात, सरकारी नोकरीत हत्ती मारायचे. शेतात शिरणाऱ्या हत्तींचा बंदोबस्त करणं हेच काम. हत्ती मारता मारता त्यांच्या ध्यानात आलं की रान वाचायचं असेल तर ते रानाशेजारच्या माणसाला वाचवावंसं वाटलं पाहिजे. आणि त्या माणसाला तर रानापासून फक्त उपद्रव! साहेबाने राखीव रान ठरवलं आणि ज्याचे बापजादे तिथे शिकार करत, तो रातोरात चोर ठरला.

कार यांनी कुंडा जमातीचे प्रमुख न्सेफू यांना गाठलं. म्हणाले, तुमच्या जमिनीतला एक तुकडा प्राण्यांसाठी ठेवा, तिथे पाहुण्यांसाठी झोपड्या बांधू, मिळणारं उत्पन्न तुमच्या जमातीच्या खजिन्यात जाईल. पाहुणे मारायला नाही, नुसते बघायला येतील! नुसतं बघण्यासाठी कोणी पैसे मोजेल, हे तेव्हा किती जणांना पटलं असेल? पण १९५० साली सहा गोल झोपड्यांचं न्सेफू शिबिर उभं राहिलं. नंतर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, कार यांनी पाहुण्यांना घेऊन याच खोऱ्यात पायी हिंडायला सुरुवात केली. नीट पाहिलं तर त्यात नवं काही नव्हतं. माग काढणं, वारा ओळखणं, दबक्या पावलांनी जवळ जाणं, हे सगळं शिकाऱ्याचंच. फक्त शेवटी गोळी नाही.

साधारण त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतातही असंच घडत होतं. उम्फोलोझीच्या रानात १९५९ साली पायी सहल निघाली, ती इयन प्लेअर आणि मागकुबू न्टोम्बेला यांच्यामुळे. प्लेअर गोरे वनाधिकारी. न्टोम्बेला झुलू वनरक्षक, शाळेचं तोंड न पाहिलेले. पण प्लेअर यांना त्यांनी रान शिकवलं, आणि प्लेअर यांनी ते आयुष्यभर मोकळेपणाने सांगितलं. वर्णभेदाच्या त्या काळात गोऱ्या माणसाने काळ्या माणसाला गुरू म्हणणं ही लहान गोष्ट नव्हती.

आता आमच्या रांगेकडे परत येऊ.

गाडीतून रान दिसतं. पायी गेलं की ते आधी ऐकू येतं, वास येतो आणि पायाखाली कळतं. वाटाड्या दर पाच मिनिटांनी थांबायचा. हे बघा, हत्तीचं पुढचं पाऊल गोल, मागचं लांबट. पुढच्या पावलाचा घेर दोरीने मोजा आणि दुप्पट करा, हत्तीची खांद्यापर्यंतची उंची मिळते. ही पांढरी विष्ठा तरसाची, हाडं खातो म्हणून पांढरी. त्याच्याकडे राखेची एक छोटी पुरचुंडी होती. ती झटकली की राख कुठे उडते त्यावरून वारा कळे. वारा आपल्याकडून जनावराकडे वाहत असेल, तर वाट बदलायची.

तासाभराने वनरक्षकाचा हात वर गेला. आम्ही थिजलो. मोपाने झाडांच्या मागून एक हत्तीण आली, तिच्या पायाशी पिल्लू. अंतर साठ-सत्तर पावलं. गाडीतून मी आदल्या दिवशी याहून जवळचे हत्ती पाहिले होते, पण तेव्हा मधे पत्रा होता. आता मधे फक्त गवत. तिने कान पसरले, सोंड वर करून वास घेतला. माझ्या छातीचे ठोके मलाच ऐकू येत होते. पळायचं नाही, हे मी मनाशी घोकत होते, आणि खरं सांगायचं तर पळण्याचं बळही पायांत नव्हतं. वाटाड्याने तळहाताने मागे सरकण्याची खूण केली. एक पाऊल, दोन पावलं. वाळवीच्या एका उंच वारुळामागे आम्ही गेलो. बराच वेळ झाल्यावर ती पिल्लाला घेऊन नदीकडे उतरली. वनरक्षकाची बंदूक खांद्यावरून खाली आलीच नाही.

मग चहा झाला. एका डेरेदार झाडाखाली त्या शेवटच्या माणसाने तीन दगड मांडले, काटक्या पेटवल्या, किटली चढवली. पहिला पेला माझ्याकडे आणून म्हणाला, "अमाई." तिथल्या न्यांजा भाषेत अमाई म्हणजे आई. मी त्याला बसवून घेतलं. वाटाड्या दुभाष्या झाला. घर कुठे? नदीपलीकडच्या गावात. शेती? आहे, मक्याची. यंदा मका कसा आला? तो हसला आणि हाताने सोंडेची खूण केली. कणसं भरायला लागली आणि हत्ती आले. दोन रात्री तो आणि त्याची बायको डबे वाजवत जागली, तिसऱ्या रात्री डोळा लागला आणि शेत गेलं. ज्या हत्तिणीला बघून मी धन्य झाले होते, तिच्यासारख्याच कुणीतरी त्याचं वर्षाचं धान्य खाल्लं होतं. आपल्या दोडामार्गच्या शेतकऱ्याला यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही.

मी विचारलं, मग राग येत नाही? तो म्हणाला, येतो. पण पोरांची फी या किटलीवर भरतो.

हा ताळमेळ फार नाजूक आहे, आणि तो बिघडला की काय होतं, हे याच खोऱ्याने पाहिलंय. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लुआंग्वा खोऱ्यात लाखाच्या घरात हत्ती होते, असा अंदाज आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते पंधरा हजारांच्या आसपास उरले. बाकीचे हस्तिदंतासाठी गेले. काळे गेंडे तर एकूण एक मारले गेले. १९९८ मध्ये झांबियातून गेंडा नामशेष झाल्याचं जाहीर करावं लागलं. २००३ पासून दक्षिण आफ्रिकेतून गेंडे आणून उत्तर लुआंग्वात पुन्हा सोडण्यात आले. बंदूक चालवणाऱ्यांत बाहेरचे होते, तसे याच गावांतलेही होते. ज्याला रानातून काहीच मिळत नाही, त्याला चोरट्या शिकारीचे दोन पैसे मोठे वाटतात. म्हणून १९८० च्या दशकाच्या मध्यापासून गावांना रानाच्या उत्पन्नात वाटा देण्याच्या योजना पुन्हा मांडल्या गेल्या. म्हणजे न्सेफू यांच्याशी १९५० मध्ये जे बोलणं झालं होतं, तिथेच येणं झालं. आणि २०२० मध्ये करोनाने पाहुणे थांबले, तेव्हा किटल्याही थांबल्या.

पायी सफारीने रान वाचतं, असं मी म्हणणार नाही. महागडी हौस आहे ती, मलाही जावयाच्या कृपेने घडली. पण आपण कोणाच्या दारात चालतोय, हे पायी चालताना विचारता येतं. गाडी तेवढा वेळ थांबत नाही.

निघताना शिबिरात अभिप्रायाची वही पुढे आली. आधीची पानं चाळली. सगळ्यांनी सिंहांचं, हत्तींचं आणि वाटाड्याचं कौतुक लिहिलं होतं. मी चहावाल्याला बोलावून त्याचं नाव विचारलं, हिज्जेही विचारून घेतले, आणि इंग्रजीत लिहिलं की हा माणूस आमच्यासोबत शेवटपर्यंत चालला. खाली त्याच्या सांगण्यावरून त्याच्या गावाचंही नाव लिहिलं. त्याने ते दोनदा वाचून घेतलं.

नाशिकला परतल्यावर पहिल्याच आठवड्यात मी माझ्या जुन्या शाळेत गेले आणि एक तास मागून घेतला. फळ्यावर दोनच नावं लिहिली, शरणपूर आणि चितांबो, आणि मुलांना विचारलं, सांगा बरं, या दोन गावांमधून कोण चालत गेलं असेल? कोणालाच सांगता आलं नाही. मग खडू घेऊन मी सुरुवात केली.